आजोबा कुठल्या रजिस्टरमध्ये आहेत?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक छोटासा गेम खेळून बघा. टेबलाभोवती जे कोणी असतील त्यांना विचारा, आजोबांचं नाव काय? सगळे पटकन सांगतील. पणजोबांचं? अर्धे जण घरी फोन लावतील. आणि पणजीचं? इथे मात्र भलेभले गप्प. स्वतःबद्दलचा डेटा आपल्याकडे ढिगानं असतो. आधार, पॅन, पासपोर्ट, तीन बँकांची केवायसी आणि फोनमध्ये दहा हजार फोटो. पण चार पिढ्या मागे जायला सांगितलं की सर्व्हर डाउन!

तरीही कधी ना कधी ही वेळ येतेच. कुणाला परदेशातल्या टीममेटचा लांबलचक फॅमिली ट्री बघून हुक्की येते. कुणाच्या धाकट्या भावाच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो. कुणाच्या गावाकडच्या वावराची वाटणी एका नावापाशी अडते. कारण काहीही असो, पहिलं काम सगळे तेच करतात. नेटवर सर्च मारतात. आडनाव टाकलं, गाव टाकलं, एन्टर! समोर काय येतं? लग्न जुळवणाऱ्या साइट्स, गावाचा पिनकोड आणि त्याच आडनावाचा कुणीतरी नगरसेवक. आजोबा कुठेच नाहीत.

याला कारण आहे. इंग्लंडमधल्या मुलीला १९२१ च्या जनगणनेत आपल्या पणजोबांचं घर, घरातली माणसं, त्यांची वयं, सगळं घरबसल्या बघता येतं. तिथे शंभर वर्षांनी हे कागद खुले करतात. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली, पण लोकांसमोर आले ते फक्त आकडे. घरोघरी भरून घेतलेली माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यानं गोपनीय आहे. म्हणजे हा हायवे आपल्यासाठी बंद. आपल्याला गल्लीबोळातून जायचंय.

आणि गल्लीबोळाचा फंडा एकदम सिंपल आहे. सरकार कुणाला प्रेमानं लिहून ठेवत नाही, बॉस! सारा वसूल करायचा असतो म्हणून लिहितं. जन्म-मृत्यू मोजायचे असतात म्हणून लिहितं. पोरगं शाळेत घातलं, जमीन विकली, जमीन गेली, भांडण झालं, की लिहितं. त्यामुळे ‘आजोबा कुठे आहेत’ असं विचारत बसू नका. ‘सरकारला आजोबांना लिहून ठेवायची गरज कधी पडली असेल’ असं विचारा. प्रश्न बदलला की दार सापडतं.

उदाहरण म्हणून आज आपण वणीला जाऊ. यवतमाळ जिल्ह्यातली वणी. कोळशाच्या खाणींचा तालुका आणि लोकनायक बापूजी अणे यांचं जन्मगाव. अण्यांचा जन्म १८८० चा. मोठ्या माणसांचे कागद कुठे ना कुठे जपलेले असतात. आपल्या घरच्या साध्या माणसांचं काय? पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी माझी एक मैत्रीण वणी तालुक्यातली. तिला फक्त पणजीचं नाव हवं होतं. आजी गेलेली, बाबांनी पणजीला पाहिलेलंच नाही, आणि घरात सगळे तिला नुसतं ‘म्हातारी आई’ म्हणायचे.

आधी गाव शोधा, मग माणूस

नुसतं ‘वणी’ टाकून बघा. बरेचसे रिझल्ट नाशिक जिल्ह्यातल्या, सप्तशृंगीच्या वाटेवरच्या वणीचे येतील. इंग्रजीत तर आणखी मजा. इंग्रजांच्या काळात आपल्या वणीचं स्पेलिंग होतं डब्ल्यू, यू, एन. वून! आणि हे नुसतं गावाचं नाव नव्हतं, अख्ख्या जिल्ह्याचं होतं. १८६४ मध्ये वऱ्हाडचा आग्नेय भाग वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याला वून जिल्हा म्हणू लागले. गंमत म्हणजे जिल्ह्याला नाव वणीचं आणि मुख्य कचेरी यवतमाळला. १९०५ मध्ये जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं आणि पुसद तालुका त्याला जोडला गेला. त्यामुळे त्याआधीचं काही इंग्रजीत शोधायचं असेल, तर ‘वून’ टाकल्याशिवाय काही हाती लागत नाही. वऱ्हाड म्हणजे ‘बेरार’ आणि चंद्रपूर म्हणजे ‘चांदा’, हेही लक्षात ठेवा.

राज्याची भानगड तर विचारूच नका. १९३० साली वणीत जन्मलेला माणूस घराचा उंबरा न बदलता चार नावांच्या राज्यांत राहिला. आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. आजोबांच्या १९५४ च्या कागदावर ‘मध्य प्रदेश’ छापलेलं दिसलं तर दचकू नका. कागद खोटा नाही आणि आजोबा भोपाळचेही नाहीत. तेव्हा मध्य प्रदेशची राजधानीच नागपूर होती. म्हणूनच त्या काळातले सरकारी कागद शोधायला मुंबई गाठायच्या आधी नागपूरचं पुराभिलेखागार गाठायचं. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा तिथे आहे.

तालुकेही बदलतात. आज मारेगाव हा वेगळा तालुका आहे, पण जुन्या कागदांत तो भाग वणी तालुक्यातच सापडतो. झरी-जामणीही नंतरचा तालुका, गावं मात्र जुनीच. म्हणून कुठल्याही कचेरीत शिरण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या, आपलं गाव पूर्वी कुठल्या तालुक्यात होतं? या एका प्रश्नानं दोन फेऱ्या वाचतात.

नदी ओलांडली की कागद बदलतो

वणी तालुक्याचा नकाशा उघडा. एका बाजूनं वर्धा वाहते, खालून पैनगंगा येते आणि वढ्याजवळ दोघी भेटतात. आपल्याला हा संगम म्हणजे तीर्थ. कागद शोधणाऱ्याला मात्र इथे तीन वेगवेगळी राज्यं दिसतात.

वर्धेच्या अलीकडे वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्यानं त्यांच्याकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. इथे रयतवारी होती. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं शेतांची मोजणी सुरू झाली. शेत ज्याच्या नावावर, तो खातेदार थेट सरकारला सारा भरायचा. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की चार एकरवाल्या साध्या शेतकऱ्याचंही नाव सरकारी कागदावर चढलं.

वर्धा ओलांडून वरोरा-भद्रावतीकडे गेलात की जुना चांदा जिल्हा. तिथे मालगुजारी. गावाचा सारा मालगुजार भरणार आणि कास्तकार त्याच्या हाताखाली. तिथले बंदोबस्ताचे कागद वेगळे, त्यांची मांडणी वेगळी. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तेव्हा कुठे कास्तकार आणि सरकार समोरासमोर आले.

आणि पैनगंगा ओलांडून कोरपना-राजुऱ्याकडे गेलात तर सरळ निजामाच्या हैदराबाद राज्यात! १९५६ पर्यंत हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. जुने कागद उर्दूत आणि साल फसली. घाबरू नका, फसली सालात ५९० मिळवले की आपलं साल साधारण मिळतं. १३५० फसली म्हणजे १९४०-४१.

आता सोयरिकी काय नद्या बघून होतात का? पणजोबा वणीकडचे, पणजीचं माहेर वरोऱ्याकडे, आत्या दिली कोरपन्याला. म्हणजे एकाच घरातल्या तीन माणसांचे कागद तीन पद्धतींचे, दोन भाषांचे. ‘आमच्या घरचे कागदच नाहीत’ असं म्हणून सोडून देणारे बरेचदा नदीच्या चुकीच्या काठावर शोधत असतात.

बाळाचं नाव नसलेला जन्म

आता प्रत्यक्ष रजिस्टर उघडू. विदर्भात सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे कोतवाल बुक. गावात कुणी जन्मलं, कुणी गेलं, की कोतवालामार्फत त्याची नोंद व्हायची. अशी जुनी बुकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळतात आणि त्यांची नक्कल मागता येते.

पण एक मेख आहे. या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच! बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. झालं. त्यामुळे आजोबांचं नाव शोधत पानं उलटलीत तर आयुष्यभर उलटत बसाल. शोधायचं पणजोबांचं नाव. आणि त्यांना चार मुलगे असतील, तर कुठला मुलगा आपला, हे भावंडांच्या वयांतल्या अंतरावरून जुळवायचं. एक्सेल शीट उघडा, मजा येते.

दुसरी वस्तू शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. पुण्या-मुंबईकडे ज्याला प्रवेश-निर्गम म्हणतात, तेच. यात बापाचं नाव, जात, जन्मगाव आणि आधीची शाळा मिळते. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, त्याआधी विदर्भात जनपद सभा होत्या. त्यामुळे जुन्या रजिस्टरवर जनपद सभेचं नाव दिसलं तर शाळा तीच आहे. जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. निम्म्या महाराष्ट्राचे आजोबा १ जून किंवा १ जुलैला कसे जन्मले, याचं उत्तर जूनमध्ये उघडणाऱ्या शाळांच्या गुरुजींकडे आहे!

तिसरी वस्तू जमीन. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण फॅमिली ट्रीसाठी खरा खजिना फेरफारात असतो. खातेदार वारला की वारसांची नावं चढतात. बायको, मुलगे, मुली, कोण सज्ञान, कोण अज्ञान, सगळं एका नोंदीत. म्हणजे तलाठ्यानं तुमच्यासाठी फॅमिली ट्रीचा एक मजला आधीच बांधून ठेवलेला असतो. भूमी अभिलेख कचेरीत त्याहून जुनं शेतवार पत्रक आणि पक्काबुक मिळू शकतं. फक्त जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर एकच असेल असं धरून चालू नका.

भाषा वाचायलाही शिकावं लागतं. विदर्भातल्या कागदांत ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजेच खातेदार लहान आणि त्याच्या वतीनं कारभार बघणारा दुसराच. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हो, मॅनेजर! तुमच्या पणजोबांचं डेझिग्नेशन तुमच्या आधीच लागलेलं होतं. आडनाव मात्र बरेचदा गायब असतं. ‘गणपत वल्द महादू’ आणि पुढे जात, एवढंच. म्हणून आडनावानं शोधणारा हरतो, बाप-लेकाच्या जोडीनं शोधणारा जिंकतो. आणि कागद मोडी लिपीत असेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे प्रशिक्षण वर्ग घेतं, तेही लक्षात असू द्या.

चौथी वारस

माझ्या मैत्रिणीनं नेमका हाच रस्ता धरला. दिवाळीच्या सुट्टीत नागपूर, वरोरा करत वणीला उतरली आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर. आतून प्रश्न आला, ‘‘बोला ताई, कोन्या गावचं पायजे? कोन्या सालचं?’’ तिच्याकडे साल नव्हतं. तिनं सांगितलं, पणजोबा वारले त्या वर्षी बाबा पाळण्यात होते. ‘‘मंग त सोपं हाय,’’ बाबू म्हणाला. बाबांच्या जन्मसालापासून दोन वर्षं पुढे, दोन वर्षं मागे, एवढीच पानं बघायची होती.

फेरफार सापडला. १९५९ चा. खातेदार मयत, वारस चार. पहिलं नाव ‘बेवा’ लिहिलेलं. म्हातारी आईचं खरं नाव! मैत्रिणीनं ते तीनदा वाचलं. त्याखाली दोन मुलगे, म्हणजे तिचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ. आणि त्याखाली चौथं नाव एका मुलीचं. पुढे ‘जौजे’, नवऱ्याचं नाव आणि वर्धेपलीकडचं एक गाव.

घरात कुणी कधी म्हटलंच नव्हतं की आजोबांना बहीण होती.

त्याच नोंदीच्या धाग्यानं ती रजिस्ट्री ऑफिसला गेली आणि तिथे १९६१ चं हक्कसोडपत्र निघालं. त्या आत्याआजीनं आपला वाटा भावांच्या नावे सोडलेला. खाली डाव्या हाताचा अंगठा. मैत्रीण म्हणाली, ‘‘तिचं नाव, तिचं सासर आणि तिचा अंगठा, तिन्ही एकत्र फक्त या एका कागदावर आहेत. आणि कागद कसला, तर सोडून दिल्याचा.’’

हे काही तिच्या एकटीच्या घरचं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी बापाच्या मिळकतीत वारस झाली. त्याआधी मुलींची नावं जमिनीच्या कागदांवर क्वचितच येत. त्यानंतर ती यायला लागली आणि बरेचदा पाठोपाठ हक्कसोडही यायला लागली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला तो आणखी पुढे, महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं. म्हणून घरातल्या बायका शोधायच्या असतील तर तीन जागा पक्क्या करा. वारस फेरफार, हक्कसोडपत्र आणि ‘जौजे-बेवा’ची नोंद. आणि हो, लग्नात बायकांचं नुसतं आडनावच नाही, पाळण्यातलं नावही बदलायचं. एकाच बाईला दोन नावं असू शकतात. माहेरच्या कागदात एक, सासरच्या कागदात दुसरं.

मैत्रिणीच्या घरी या कागदावरून दोन दिवस शांतता होती. मग बाबांनीच फोन फिरवले. पलीकडच्या गावात आत्याआजीचा नातू सापडला. त्याच्याकडेही या बाजूबद्दल एकच वाक्य होतं, ‘‘आजीचं माहेर वणीकडं होतं म्हनते.’’ आता दोन्ही घरं एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत आणि रोज सकाळी गुड मॉर्निंगचे फोटो येतात. इतिहासाची एवढी किंमत तर मोजावीच लागते!

जमीनच नव्हती, तर?

इथवर वाचून कुणी म्हणेल, आमच्या घरी जमीनच नव्हती. बरोबर आहे. सारा भरणाऱ्याला सरकार आधी लिहितं. मजूर, सालदार, कारागीर, पारध्याचा तांडा, कोलामांचा पोड, यांच्यापर्यंत जमिनीचं रजिस्टर पोचतच नाही. पण जन्म आणि मरण सगळ्यांनाच असतं. म्हणून भूमिहीन घरासाठी कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर हाच पहिला आधार.

त्या खिडकीवरच्या गर्दीचं कारणही हेच. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. अॅडमिशनची तारीख तोंडावर आलेली आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर पोराचं करिअर अडलेलं. आपल्यासाठी जो वीकएन्डचा छंद, तो शेजारच्या रांगेतल्या माणसासाठी पोराचं अख्खं वर्ष असू शकतं. रांगेत उभं राहताना एवढं भान असू द्या.

पुरावे कुठे कुठे दडलेले असतात, हे २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तपासायच्या कागदांच्या यादीत महसूल आणि शाळा तर होत्याच, पण कारागृहातली कच्च्या कैद्यांची रजिस्टरं होती, पोलिसांचे पंचनामे होते, अगदी ताडीच्या परवान्यांच्या नोंदवह्याही होत्या. पणजोबा जेलमध्ये जाऊन आले असतील तर लाजू नका. कदाचित तोच तुमच्या घरचा सगळ्यात जुना लेखी पुरावा असेल!

आणि जिथे कागदच नाही, तिथे? वनहक्क कायदा २००६ चा आणि त्याचे नियम २००८ चे. त्यात पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदनही बसतं आणि वंशावळही. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला कायद्यानंही पुरावा मानलंय. आपण तर घरचे. आपण त्यांना दहा मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

खाणीत गेलेलं गाव

वणीची आणखी एक गोष्ट. इथे गाव शोधायला गेलात तर कधी कधी गावच जागेवर नसतं. निलजई, नायगाव, उकणी, मुंगोली ही नावं आता गावांइतकीच कोळसा खाणींची आहेत. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली, आणि तालुक्यातली शेतं एकेक करून खाणींखाली गेली. शेत गेलं, धुरा गेला, कुठे घरही गेलं. पण फंडा आठवा. सरकारनं काही घेतलं की सरकार लिहितं!

कोळशाच्या जमिनी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानं घेतल्या, तर त्याच्या अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापल्या जातात. त्यात गावाचं नाव आणि जमिनीचे नंबर असतात. तो नंबर धरून मोबदल्याच्या कागदांकडे जायचं, तिथे माणसं भेटतात. कुणाची किती जमीन, वारस कोण, नोकरी कुणाला. आणि आजोबा खाणीत कामाला होते का? मग खाण कायद्याखाली ठेवलेलं कामगारांचं फॉर्म ‘बी’ रजिस्टर आहे. त्यात कामगाराचं नाव, वडिलांचं नाव, वय आणि पत्ता लिहिलेला असतो. शेतकरी म्हणून जे आजोबा एका ओळीत संपतात, ते खाणकामगार म्हणून सापडू शकतात.

खिडकीवर जाताना

आता थोडं प्रॅक्टिकल. सुट्टी टाकून चार दिवस जाणार असाल तर घरून निघतानाच एका पानावर लिहून न्या. गावाचं नाव, जुना तालुका, बाप-लेकाच्या नावांची जोडी, जात आणि सालाचा अंदाज. साल माहीत नसेल तर प्रसंग लिहा. ‘कुठल्या दुष्काळात’, ‘कुणाच्या लग्नानंतर’, ‘कोण पाळण्यात असताना’. बाबू लोकांना त्यावरून रजिस्टर काढता येतं.

नक्कल मिळवायला साधा अर्ज करा, ठरलेली फी भरा आणि पावती जपून ठेवा. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. पण पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा धाक घालू नका. वणीत ‘भाऊ, जरा पाहता का?’ यानं जे काम होतं, ते इंग्रजी ई-मेलनं होत नाही.

रजिस्ट्री ऑफिसात एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूची फी भरून कुणालाही पाहता येतात. सूची १ माणसांच्या नावानं, सूची २ मिळकतीच्या नावानं. पुस्तक ३ मधल्या मृत्युपत्राची नक्कल मात्र ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच इतरांना मिळते. अलीकडच्या वर्षांचे दस्त ऑनलाइन शोधता येतात, जुन्यांसाठी धूळ खावी लागते. मास्क न्या, हे गमतीनं सांगत नाहीये.

सरकारबाहेरही एक दार आहे. घरचं कुणी काशी, प्रयाग, नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाच्या आणि आडनावाच्या पानावर पिढ्यांची नावं असू शकतात, तीही येणाऱ्याच्या स्वतःच्या सहीनं. पुढच्या ट्रिपला नुसता सेल्फी नको, वही पण विचारा.

आणि ऑर्डर महत्त्वाची. आधी घरातली पत्र्याची पेटी. जुन्या पावत्या, लग्नपत्रिका, देवाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा. मग घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती. मग तहसील, मग शाळा, मग भूमी अभिलेख, मग रजिस्ट्री. नागपूरचं पुराभिलेखागार शेवटी. बरेच जण उलटं करतात. इंटरनेटपासून सुरू करतात आणि आजीपर्यंत पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो.

रजिस्टरं कपाटात आणखी पन्नास वर्षं टिकतील, काही स्कॅनही होतील. पण ‘म्हातारी आई’ म्हणजे कोण आणि तिची पोरगी कुठे दिली होती, हे ज्यांना माहीत आहे त्यांचं स्कॅनिंग कुठलंच खातं करत नाही. तेव्हा या रविवारी मॉलचा प्लॅन जरा पुढे ढकला. घरी फोन लावा, कॉल रेकॉर्डिंग सुरू आहे हे सांगून टाका आणि फक्त एवढंच विचारा, ‘‘आजी, तुझ्या सासूचं नाव काय गं?’’ त्यानंतर ती बोलत राहील. तुम्ही लिहून घ्या.